नकार फोनवर दिला तरी नकारच

कसबा गणपतीपासून शनिवारवाड्यापर्यंत एखादा मुलगा रोज एकाच मुलीच्या मागे चालू लागला, तर पेठेत कुणीतरी त्याला हटकेलच. तोच मुलगा रात्री अकरानंतर नवनव्या अकाउंटवरून तिला मेसेज पाठवत राहिला, की मात्र ऐकू येतं, ‘नुसता मेसेज तर केलाय, अंगाला हात लावलाय का?’ हा गैरसमज फार खोल रुजला आहे आणि त्याची किंमत ती मुलगी मोजते. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही जवळीक साधण्यासाठी तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क करणारा पुरुष या कलमाखाली दोषी ठरतो. ती इंटरनेट, ईमेल कसं वापरते यावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा गुन्हा अजामीनपात्र असतो.

मग ओळख काढायला पाठवलेला साधा ‘हाय’ही गुन्हा का? नाही. ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर कलमाच्या शब्दांतच आहे: नकार हवा आणि त्यानंतरची पुनरावृत्ती हवी. एकदाच मागे गेल्याने पाठलागाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही म्हटलं आहे. पण ‘नाही’ तोंडानेच म्हटलं पाहिजे, असं कायद्यात कुठेही नाही. ब्लॉक करण्याहून स्पष्ट नकार तो कोणता? त्यानंतर दुसऱ्या नावाने उघडलेलं अकाउंट ही तो नकार धुडकावल्याचीच खूण आहे.

शिवाय मेसेजमध्ये काय लिहिलंय, हेही कोर्ट पाहतं. ‘तू सडपातळ आहेस, गोरी दिसतेस, मला आवडतेस’ अशा अर्थाचे व्हॉट्सॲप मेसेज रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान अनोळखी स्त्रीला पाठवणाऱ्याची तीन महिन्यांची शिक्षा मुंबईच्या दिंडोशी सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कायम ठेवली. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईमेलमधला लिखित शब्दही स्त्रीच्या विनयाला बाधा आणणारा ठरू शकतो, असा निर्णय दिला. बोललेल्या शब्दालाच गुन्हा मानलं, तर पडद्याआड लिहिणारे सगळे सुटतील, हा त्यामागचा विचार मला पटतो.

‘६६अ गेलं, आता ऑनलाइन काहीही लिहिता येतं’ हाही असाच गोंधळ. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम रद्द केलं. योग्यच केलं. पण तो निकाल मत मांडणाऱ्यांसाठी होता. नको म्हणणाऱ्या माणसाच्या इनबॉक्समध्ये घुसण्याचा हक्क त्याने कुणाला दिलेला नाही.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे कोर्टाच्या आदेशाबद्दल. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात पत्नीशी संपर्क करू नये असा संरक्षण आदेश निघतो, आणि नवरा म्हणतो, ‘मी घरी गेलोच नाही, इन्स्टाग्रामवर फक्त विचारपूस केली.’ कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचं कलम १८ तोंडी, लेखी, टेलिफोनवरचा आणि इलेक्ट्रॉनिक असा कुठलाही संपर्क रोखू शकतं. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विचारपूस प्रेमाची होती की धमकीची, हा मुद्दाच उरत नाही. मग पुरुषांचं काय? पाठलागाचं कलम स्त्रियांपुरतंच आहे हे खरं. पण धमकी, खंडणी, बदनामी यांची कलमं पुरुषांनाही संरक्षण देतात. लैंगिक हेतूने लहान मुलाशी सतत संपर्क ठेवणं पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो मुलगा असो वा मुलगी.

तक्रार करायची तर मेसेज रागाच्या भरात पुसू नयेत. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं हे पक्कं केलं. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, मूळ फोन जपून ठेवावा. मेसेज पाठवणारा दुसऱ्या शहरात असला, तरी कसब्यातल्या मुलीला तिथवर जायला नको: हद्दीचं कारण सांगून पोलिसांना गुन्हा नोंदवणं टाळता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून ते तो संबंधित ठाण्याकडे पाठवतात.