दुप्पट म्हणजे किती?

मागच्या सुट्टीत नात्यातल्या एका घरी रिश्त्याची बोलणी चालली होती. मुलगी मामाची, मुलगा आतेचा. तारखेपर्यंत गोष्ट आली आणि मुलाच्या बहिणीने मोबाईल पुढे केला : नात्यात निकाह केल्यास मुलांत व्यंगाचा धोका दुप्पट. मुलीची आई गप्पच झाली. मुलाची नानी, तीच मुलीची दादी, म्हणाली, "तीन पिढ्या आपसातच दिल्या-घेतल्या. काय झालं कुणाला?"

आम्हाला दोन्ही गोष्टी अर्ध्या वाटल्या.

दुप्पट म्हटलं की आधी विचारावं, कशाच्या? इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची पुष्कळ कुटुंबं राहतात. तिथे ११ हजारांहून अधिक बाळांची पाहणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. जन्मजात दोष एरवी शंभरात साधारण ३ बाळांत, आईबाप सख्खे चुलत-मामे भावंडं असतील तर ६ बाळांत. मेसेज खोटा नव्हता. पण उरलेल्या ९४ बाळांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. त्याच पाहणीत ३४ वर्षांपुढच्या गोऱ्या मातांचा धोकाही दुप्पट निघाला. त्याचे मेसेज फिरताना आम्ही पाहिले नाहीत.

आता नानींचं. शंभरात ६ धरले तरी बारा मुलांच्या घरात एकालाही दोष नसण्याची शक्यता ढोबळ हिशेबाने निम्मी येते. तेव्हा एका खानदानाची खुशाली पुरावा ठरत नाही. नात्यातला निकाह शरीयतने जायज ठेवला आहे, पण फर्ज केलेला नाही.

शिवाय शंभरातले सहा ही सरासरी झाली. या दोघांचं काय, हे तपासणीशिवाय कळत नाही. थॅलेसेमियाचंच घ्या. वाहक माणूस धडधाकट दिसतो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की बाळाला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागेल. आणि एका रक्तातले लोक एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता परक्यांपेक्षा जास्त.

इथे एक चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होणार! वर्गात आम्ही दोन नाणी उडवायला लावतो. दोन्ही छाप पडले की मुलं ओरडतात, "आता नाही पडणार." लगेच पुन्हा पडतात कधी कधी. नाण्याला मागचं आठवत नाही.

आम्ही म्हटलं, मोडूही नका, डोळेही मिटू नका, आधी दोघांची हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करा. नानींना ते तवक्कुलच्या विरुद्ध वाटलं. उंट बांधण्याची आठवण दिली, तेव्हा हसल्या.

रिपोर्ट आले. मुलगी वाहक, मुलगा नाही. अशा जोडप्याच्या मुलांना तो मोठा आजार होत नाही, फार तर वाहक होतील. तारीख ठरली आहे. मुलीच्या धाकट्या भावाचं रक्त तपासायचं राहिलंय. तो सुईला घाबरतो.