बारा तारांचा झणकार

मायकेल क्लार्ककडे ड्रम नव्हते. पुठ्ठ्याची खोकी आणि एक खंजिरी, एवढ्यावर तो ठेका धरायचा. ख्रिस हिलमन मॅन्डोलिनवाला. त्याच्या हाती बेस गिटार दिली गेली. जिम मॅग्विन बँजोवर वाढलेला. १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये तालमी करणारी ही लोकगीतवाली पोरं पुढे ‘द बर्ड्स’ म्हणून गाजली. फोक-रॉक कसं जन्मलं, हे त्यांच्या आठवणींतून शोधायला गेलं की वाट एका वाद्यापाशी येऊन थांबते : रिकनबॅकरची बारातारी इलेक्ट्रिक गिटार.

त्या वर्षी बीटल्सचा ‘अ हार्ड डेज नाइट’ लागला आणि ही मंडळी तो बघून आली. जॉर्ज हॅरिसनच्या हातातली गिटार समोरून सहा तारांचीच वाटते. तो जरा तिरका झाला तेव्हा मागे वळवलेल्या आणखी सहा खुंट्या दिसल्या, असं मॅग्विन सांगतो. त्याने आपली साधी बारातारी आणि बँजो देऊन रिकनबॅकर आणली.

या गिटारीच्या बारा तारा सहा जोड्यांत असतात. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार जाड, दुसरी बारीक आणि एक सप्तक वर लावलेली. उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. इतर बारातारींवर नखी खाली ओढली की आधी बारीक तार लागते, रिकनबॅकरवर आधी जाड. त्यामुळे खर्ज ठसठशीत उमटतो आणि वरचा सूर मागून लखलखतो. जोडीच्या दोन तारा कितीही मिळवल्या तरी केसभर फरक उरतोच, आणि झणकार असतो तो त्या फरकात. तानपुऱ्याची जोड ऐकलेल्या कानांना हे नवं नाही.

अडचण एकच होती : हा सूर लगेच विरायचा. २० जानेवारी १९६५ रोजी कोलंबियाच्या स्टुडिओत बॉब डिलनचं ‘मिस्टर टँबुरीन मॅन’ ध्वनिमुद्रित झालं. निर्माता टेरी मेल्चर, वय अवघं २२. त्याने वाजवायला बँडमधला एकटा मॅग्विन घेतला. ड्रमवर हाल ब्लेन, बेसवर लॅरी नेक्टेल असे स्टुडिओतले मुरलेले वादक बसवले. डिलनच्या चार कडव्यांतलं एकच ठेवलं आणि ठेका नाचता येईल असा केला. मॅग्विनच्या आठवणीप्रमाणे, रॉकच्या दणक्याने यंत्रं बिघडतील या धास्तीने इंजिनिअरने गिटारीवर एकापुढे एक कॉम्प्रेसर लावले. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, पण त्याचबरोबर विरत चाललेला सूर वर उचलून धरतो. तार लांबत गेली. यंत्र वाचवण्यासाठी केलेल्या उपायातून बर्ड्सना त्यांचा आवाज मिळाला. जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

तो जून महिनाच तसा होता. न्यूयॉर्कमध्ये निर्माता टॉम विल्सनने सायमन आणि गारफंकल यांना न विचारता त्यांच्या ‘साउंड ऑफ सायलेन्स’वर ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार चढवली. डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’वर गिटारवाला अल कूपर कुणी सांगितलं नसताना ऑर्गनवर जाऊन बसला. बाकीच्यांचा सूर ऐकून मग पट्टी दाबायची, म्हणून आपण किंचित मागे वाजत होतो, हे तो पुढे मिश्कीलपणे सांगायचा.

मेल्चरने उसने वादक का आणले, याचा उलगडा नंतर झाला. त्या वादकांनी तीन तासांत दोन गाणी उरकली होती. बँडने स्वतः वाजवलेल्या ‘टर्न! टर्न! टर्न!’ला ७७ टेक लागले, असं मॅग्विन सांगतो. तेही त्या डिसेंबरात पहिलं आलं.

गिटार नवी, यंत्रं नवी. बोटं मात्र जुनीच राहिली. अंगठा-तर्जनीत नखी आणि पुढच्या दोन बोटांवर धातूच्या नख्या चढवून मॅग्विन रिकनबॅकरवर बँजोचीच फिरत वाजवत होता. रॉक विजेतून आलं, लोकगीत त्या बोटांत आधीपासून होतं. १९९५ पासून तो दरमहा एक पारंपरिक लोकगीत ध्वनिमुद्रित करू लागला, तेव्हा बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही.