फिरंग रोग : व्रण भरला, पुढे काय?

भावमिश्रांनी सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त फिरंग रोग वर्णिला व संसर्ग हे त्याचे कारण सांगितले. हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर घरापासून दूर राबणारा कामगार असा व्रण घेऊन आला, तर ‘गरमी झाली’ एवढेच सांगेल. एकाकीपणा, हाती आलेली मजुरी, सोबत्यांचा आग्रह, मद्य ही वेश्यागमनामागची कारणे एकांतात, दोष न देता विचारल्यासच उघड होतात.

हा व्रण बहुधा वेदनारहित असतो व तीन ते सहा आठवड्यांत उपचाराविनाही भरून येतो. वैद्याने त्याचे श्रेय आपल्या लेपास द्यावे, हाच खरा धोका. विकार शरीरात राहतो. पत्नीस, तिच्या गर्भासही ग्रासतो. पेनिसिलिनने तो बरा होतो. म्हणून लेपाआधी रुग्णास शासकीय रुग्णालयात रक्ततपासणी व एच.आय.व्ही. चाचणीसाठी पाठवावे आणि पत्नीच्या तपासणीचा विषयही त्याच भेटीत काढावा.