सार्वजनिक सायकल आणि स्वारांचा अभिप्राय

एका ठिकाणी सायकल घ्यावी, अल्प भाडे भरावे व काम झाल्यावर ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, अशी सार्वजनिक सायकल योजनेची कल्पना आहे. पुणे शहरात डिसेंबर २०१७ मध्ये औंध भागात व विद्यापीठाच्या आवारात तिचा प्रारंभ झाला. पुढे मोडतोड व देखभालीच्या अडचणी वाढल्या आणि तिचा विस्तार खुंटला.

अशा योजनेचे यश सायकलींच्या संख्येपेक्षा स्वारांच्या अनुभवावर अवलंबून असते. २०१८ मध्ये पुण्यात आलेल्या मोबाइक या चिनी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. २०१६ मधील तिच्या पहिल्या सायकलीला साखळी नव्हती, टायर भरीव होते. त्यामुळे पंक्चरची चिंता मिटली. परंतु वजन सुमारे २५ किलो! ती चालविण्यास जड जाते, अशी स्वारांची तक्रार होती. त्याच वर्षी कंपनीने टोपली असलेली हलकी सायकल आणली.

तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने आपल्याकडे पूर्वी गावोगाव होती. ब्रेक लागत नसल्यास गिऱ्हाईक तेथेच सांगे व दुकानदार तो आवळून देई. मोबाइलवरील व्यवहारात ही सोय आपोआप राहत नाही. ती मुद्दाम करावी लागते.

दौंड जंक्शनवर वा शिरूरच्या बसस्थानकावर उद्या अशी योजना आखावयाची झाल्यास, खरेदीपूर्वी लुगडे नेसणाऱ्या भगिनी, दप्तर घेतलेले विद्यार्थी व वयस्क नागरिक यांना सायकल चालवावयास देऊन त्यांचे अभिप्राय नोंदविणे अगत्याचे आहे. प्रत्येक सुधारणेनंतरही हीच विचारणा व्हावी.