हजेरीपटाची नक्कल

इंग्रजी अमदानीने 1923 साली माथी मारलेला शासकीय गुपिते अधिनियम स्वातंत्र्यानंतरही शाबूत राहिला, आणि त्याच्याबरोबर दफ्तर ही सरकारची खासगी चीजवस्त होय ही समजूतही राहिली. राजनारायण खटल्यात 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रजेचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला खरा. पण निवाड्यातले ते तत्त्व कचेरीतल्या कपाटापर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली, आणि तेही मुख्यतः खडी फोडणाऱ्यांच्या खटपटीने.

सनदी नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानात 1990 साली मजदूर किसान शक्ती संघटना स्थापिली, तेव्हा मागणी होती ती किमान मजुरीची. मजुरी मागावी तर उत्तर येई, हजेरीपटात तुझे कामच नोंदलेले नाही. आणि हजेरीपट पाहू म्हणावे तर तो पडला सरकारी कागद! या कोंडीतून 1994 च्या डिसेंबरात कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरली. पुढे अशा सुनावण्यांतून हजेरीपट मोठ्याने वाचले जाऊ लागले, आणि जे कधी कामावर गेलेच नाहीत त्यांची, क्वचित दिवंगतांचीही नावे कानी पडताच गावकरी स्वतःच रुजवात घालू लागले. ब्यावरला 1996 साली या कागदांच्या नकलांसाठी चाळीस दिवस धरणे चालले. कागद पाहा, हाताने उतरवून घ्या, परंतु नक्कल मिळणार नाही, असा हुकूम सरकारने काढला. नक्कल हा पुरावा असतो, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

तामिळनाडू व गोवा यांनी 1997 मध्ये माहिती अधिकाराचे कायदे केले; महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आधीच्या पांगळ्या कायद्याच्या जागी बरा कायदा आला. 12 ऑक्टोबर 2005 रोजी केंद्रीय कायदा अमलात आला : दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत आणि विलंबाबद्दल अधिकाऱ्याच्याच पदरचा रोज 250 रुपये दंड. या दंडाची जरब मोठी होती. पण अर्जदाराला रक्षण नव्हते. जमीनव्यवहार उकरून काढणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी 2010 साली मारले गेले.

2019 च्या दुरुस्तीने दंड ठोठावणाऱ्या माहिती आयुक्तांची मुदत व वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. 2023 च्या विदासंरक्षण कायद्याने तर माहिती अधिकारातले व्यक्तिगत माहितीचे कलमच इतके सैल केले, की नाव दिसताच कागद नाकारण्यास सबब मिळावी; आणि हजेरीपट म्हणजे तर नावांचीच यादी.