पुनरावृत्त बातमी

एकदा प्रसिद्ध झालेली बातमी त्याच वार्तास्थळावर त्याच किंवा किंचित बदललेल्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाली, तर तिला पुनरावृत्त बातमी असे म्हणतात. वाचकांनी पाठविलेल्या दुव्यांवर चालणाऱ्या तंत्रज्ञानविषयक सामुदायिक वार्तास्थळांवर हा प्रकार विशेषत्वाने आढळतो. अमेरिकेत १९९७ साली रॉब माल्डा यांनी सुरू केलेल्या 'स्लॅशडॉट' या वार्तास्थळावर अशा बातम्या हा वाचकांच्या तक्रारीचा व थट्टेचाही नित्याचा विषय होता. इंग्रजी भाषक वाचकांत त्यांना 'ड्यूप' म्हणतात.

कारणे व प्रकार

एकाच घटनेचे वृत्त अनेक ठिकाणी छापून येते आणि ते अनेक वाचक एकमेकांना नकळत पाठवितात. निवड करणारे संपादक एकाहून अधिक असल्यास एकाने कालच घेतलेली बातमी दुसऱ्याच्या लक्षात नसते. पुनरावृत्तीचे तीन मुख्य प्रकार संभवतात: तोच दुवा पुन्हा येणे, दुवा वेगळा पण मजकूर तोच असणे, आणि मजकूर वेगळा पण घटना तीच असणे. यांखेरीज मूळ घटनेत नवी भर घालणारे वृत्त हे पुनरावृत्तीसारखे भासले, तरी ते पुनरावृत्त नसते.

शोधण्याच्या पद्धती

पहिला प्रकार ओळखणे सर्वांत सोपे असते. दुव्याच्या शेवटी जोडलेली, वाचक कोठून आला हे नोंदविणारी अक्षरे काढून टाकली की दोन दुवे एकरूप होतात. एकाच मजकुराच्या अनेक पत्त्यांपैकी मुख्य पत्ता कोणता हे पानातच नोंदविण्याची सोय गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ साली स्वीकारली. तिचाही येथे उपयोग होतो.

दुसऱ्या प्रकारासाठी मजकुरांची तुलना करावी लागते. आंद्रेई ब्रोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली यासाठी मांडलेली पद्धत प्रसिद्ध आहे. तीत मजकुरातील लागोपाठच्या शब्दांचे गट पाडतात आणि दोन्ही मजकुरांतील सामाईक गटांच्या संख्येस एकूण वेगळ्या गटांच्या संख्येने भागतात. 'नवा भ्रमणध्वनी आज बाजारात आला' या वाक्यातून तीन-तीन शब्दांचे ३ गट मिळतात. 'नवा भ्रमणध्वनी आज बाजारात येणार' यातूनही ३ गट मिळतात. त्यांपैकी २ सामाईक असून एकूण वेगळे गट ४ आहेत. म्हणून साम्य २/४, म्हणजे ५० टक्के ठरते.

मराठी मजकुरात एक अधिकची अडचण येते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा 'ऱ' संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, परंतु अंतर्गत सांकेतिक क्रमांक निराळे असल्याने यंत्र त्यांना भिन्न शब्द समजते. त्यामुळे तुलनेपूर्वी सर्व मजकूर एकाच प्रमाण रूपात आणणे आवश्यक ठरते.

हाताळणीची धोरणे

पुनरावृत्त बातमी आढळल्यावर ती काढून टाकणे, जुन्या बातमीशी जोडणे किंवा राहू देणे असे तीन मार्ग असतात. बातमी काढून टाकल्यास पानावरील गर्दी टळते. मात्र तोपर्यंत तिच्याखाली वाचकांनी नोंदविलेली माहिती व मते हाताशी राहत नाहीत. जोडल्यास चर्चा एकत्र राहते आणि बातमी प्रथम पाठविणाऱ्याचे श्रेयही अबाधित राहते. २००८ साली सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर पुनरावृत्त प्रश्न बंद करून त्यावर मूळ प्रश्नाचा दुवा देतात. असा प्रश्न अनेकदा मुद्दाम ठेवला जातो, कारण तीच शंका निराळ्या शब्दांत शोधणारा वाचक त्याच्यामार्फत मूळ उत्तरापर्यंत पोहोचतो.

पॉल ग्रॅहम यांनी २००७ साली सुरू केलेल्या 'हॅकर न्यूज'चे धोरण काहीसे उदार आहे. अलीकडेच आलेला दुवा पुन्हा पाठविल्यास ते मूळ बातमीस दिलेले मत समजले जाते. सुमारे वर्षभरात ज्या लेखाकडे फारसे लक्ष गेले नसेल, तो मर्यादित वेळा पुन्हा पाठविण्यास मुभा असते. लेख जुना असल्यास शीर्षकात त्याचे वर्ष नमूद करतात. चांगला लेख केवळ अवेळी आल्यामुळे दुर्लक्षित राहू शकतो, हे यामागील कारण होय.

मर्यादा

शब्दसाम्यावरून अर्थसाम्य ठरविता येत नाही. वरील उदाहरणातील दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे. परंतु एक घोषणा आहे, तर दुसरे घडलेल्या घटनेचे वृत्त. साम्याची मर्यादा फार कमी ठेवली, तर एखाद्या संगणकप्रणालीतील सुरक्षादोषाची पहिली वार्ता आणि तो दूर करणाऱ्या सुधारणेची नंतरची वार्ता या दोन्ही एकच गणल्या जातील. मग वाचकाला धोका समजेल, पण उपाय समजणार नाही. मर्यादा फार वाढविली, तर एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचावी लागेल. त्यामुळे यंत्राने संभाव्य पुनरावृत्ती दाखवावी आणि अंतिम निर्णय दोन्ही बातम्या वाचलेल्या संपादकाने घ्यावा, ही विभागणी अधिक सुरक्षित ठरते.