तंबोऱ्याची तार आणि भूकंपाचे तरंग

तंबोऱ्याच्या चारही तारांची लांबी जवळजवळ सारखीच असते. तरीही पहिली तार पंचम देते, मधल्या जोडाच्या दोन तारा षड्ज देतात आणि शेवटची खर्जाची तार त्याखाली एक सप्तक बोलते. लांबी सारखी असता स्वर निरनिराळे का, या प्रश्नाचे उत्तर ज्या नियमात आहे, त्याच नियमाने भूकंपाचा धक्का भूगर्भातून आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो.

विहिरीच्या दोराचे एक टोक खांबाला बांधून दुसरे हातात धरावे व एक झटका द्यावा. दोरात उठलेला उंचवटा खांबाकडे धावत जातो. दोर मात्र जागच्या जागीच राहतो. दोराचा प्रत्येक कण वर उचलला जातो, शेजारच्या कणाला ओढतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. प्रवास होतो तो ऊर्जेचा, पदार्थाचा नव्हे. यालाच यांत्रिक तरंग म्हणतात.

या तरंगाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक, कणाला मूळ जागी खेचून आणणारा जोर, म्हणजे तारेतील ताण. दुसरी, एकक लांबीच्या तारेचे वस्तुमान. ताण चौपट केला तर वेग दुप्पट होतो. वस्तुमान चौपट केले तर वेग निम्म्यावर येतो. समजा, तार एक मीटर लांब आहे आणि जोडाची तार सेकंदाला १४० वेळा कंप पावते. एका कंपनाच्या अवधीत तरंग तारेच्या दोन्ही टोकांना जाऊन परततो, म्हणजे दोन मीटर अंतर कापतो. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २८० मीटर झाला. खर्जाच्या तारेला ७० कंपने हवीत, म्हणून तिच्यात तो वेग १४० मीटर असला पाहिजे. त्यासाठीच ती जाड घेतात. तार जोराने छेडली तर आवाज मोठा होतो, स्वर बदलत नाही. वेग ठरवते ते माध्यम, झटका देणारा हात नव्हे. शिक्षकांनी हे सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी दोर आणि तार विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, असे सुचवावेसे वाटते.

तंबोऱ्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. तार ज्या बिंदूवर छेडली तो बिंदू ज्या उपस्वरात स्थिर राहतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा एक जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. त्याचे कारण रुंद, किंचित वक्र घोडीत आहे. मिरजेचे कारागीर जवारी लावताना हीच वक्रता कानाने जुळवीत असतात.

तारेकडून आता जमिनीकडे वळू. खडक हाही स्थितिस्थापक पदार्थ आहे. मात्र तो दोन प्रकारच्या बदलांना विरोध करतो. दाबला असता विरोध करतो आणि आडवा सरकवून आकार बदलू पाहिला तरीही विरोध करतो. म्हणून खडकात दोन प्रकारचे तरंग निर्माण होतात. पहिल्यात कण तरंगाच्याच दिशेने पुढेमागे हलतात, हे अनुतरंग. दुसऱ्यात ते दोराप्रमाणे आडवे हलतात, हे अवतरंग. कठीण खडकात अनुतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर अवतरंगाचा सुमारे साडेतीन किलोमीटर असतो. द्रवाला स्वतःचा आकार नसल्याने त्यातून अवतरंग जाऊच शकत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात काम केलेले रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासात हे दोन तरंग वेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये अशाच नोंदींवरून पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला.

आधी येणारा अनुतरंग सहसा सौम्य असतो. घरे पाडण्याचे काम मुख्यतः मागाहून येणारे अवतरंग व पृष्ठभागावरील तरंग करतात. दोहोंच्या आगमनात दहा सेकंदांचे अंतर पडले, तर भूकंपाचे उगमस्थान सुमारे ८४ किलोमीटर दूर आहे, असे वरील वेगांवरून निघते. या अंतराचा उपयोग करून जपानमध्ये २००७ पासून नागरिकांना काही सेकंद आधी इशारा दिला जातो. परंतु उगमस्थान पायाखालीच असेल तर हा अवधी उरतच नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराला तो मिळाला नसता. अशा ठिकाणी भरवसा ठेवायचा तो भिंतीवरच.

जमीन कशी आहे यालाही महत्त्व आहे. कठीण खडकातील तरंग मऊ गाळात शिरला की त्याचा वेग घटतो. काही ऊर्जा सीमेवरून परतते. पण जी आत शिरते ती कमी वेगामुळे दाटते आणि जमिनीचे हेलकावे वाढतात. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहराचे असेच झाले. भूकंपाचा केंद्रबिंदू साडेतीनशे किलोमीटरहून दूर होता. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. तेथील जमीन सुमारे दोन सेकंदांना एक या गतीने हेलकावू लागली आणि ज्या उंच इमारतींची स्वाभाविक गती त्याच्याशी जुळली त्यांची अधिक हानी झाली. तंबोऱ्यात जोडाची एक तार छेडली असता तिच्याशी जुळलेली दुसरी आपोआप बोलते, तोच हा प्रकार. यास अनुस्पंदन म्हणतात.

किल्लारीत मात्र घरे बसकी होती. दोष होता तो भिंतींच्या व छतांच्या बांधणीत. दगड आणि मातीच्या जाड भिंती बाहेरून व आतून दोन थरांत रचलेल्या, मध्ये दगडांचा चुरा; वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जड थर. अवतरंगाने पाया आडवा सरकला की जड छत निरूढीमुळे मागे राहते आणि तो सारा जोर भिंतीवर येतो. मातीने सांधलेला दगड ओढ सहन करीत नाही. दोन्ही थर फुगून अलग होतात. तारेला ताण आहे म्हणून ती परत फिरते. या भिंतीला परत आणणारे काहीच नव्हते. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. १९९३ पूर्वी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला.

अशा बांधकामासाठी १९९३ सालचे १३८२८ क्रमांकाचे भारतीय मानक उपलब्ध आहे. भिंतीच्या आरपार जाणारे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरच्या आत बसवावेत, असे ते सांगते. दारे-खिडक्यांच्या माथ्याशी सर्व भिंतींना बांधून घेणारा सलग पट्टा असणे तितकेच आवश्यक होय. जुन्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीतही ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून, त्यात आकड्याची सळई ठेवून काँक्रीट भरता येते. गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे माळवदावर चढविलेली जादा माती उतरविण्यास तर अभियंत्याचीही वाट पाहावी लागत नाही. ती उतरल्यावर गळतीसाठी पत्रा किंवा अन्य हलके आच्छादन घालावे.